फाईलमध्ये नसलेला मामा : वंध्यत्वाच्या एका प्रकरणाचा अभ्यास

पेशंट २८ वर्षांची, एका पतसंस्थेत क्लार्क. माहेर कागल तालुक्यातलं, सासर कोल्हापुरात, राजारामपुरीत. नवरा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत शिफ्ट सुपरवायझर. लग्नाला चार वर्षं झालेली, मूल नाही. पाळी तीन वर्षांपासून अनियमित आणि शेवटच्या वर्षभरात तर दोन-तीनदाच आलेली. (कुटुंबाच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

सोबतची फाईल जाडजूड होती. नवऱ्याचे वीर्यतपासणीचे दोन रिपोर्ट, दोन्ही चांगले. तरी भट्टीजवळ काम करतो म्हणून त्याला नाईट शिफ्ट सोडायला लावलेली, सैल कपडे वापरायला सांगितलेले. नळ्या मोकळ्या असल्याचा एक्स-रे. बीज तयार होण्यासाठी दिलेल्या गोळ्यांचे कोर्स, एकामागून एक. आणि पहिल्याच पानावर, तीन वर्षांपूर्वी, कुणीतरी लिहिलेलं निदान : पीसीओडी. त्यानंतरच्या प्रत्येक कागदावर तेच उतरत आलं होतं.

गंमत अशी, की त्याच फाईलमधल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात निदान खोडून काढणारी ओळ छापलेली होती. दोन्ही अंडाशय आकाराने लहान, फॉलिकल (बीज ज्यात वाढतं त्या बारीक पिशव्या) मोजके. पीसीओडीत याच्या उलट दिसतं. अंडाशय मोठे असतात आणि बारीक फॉलिकलांची गर्दी असते. पण पाळी पुढेमागे होते म्हटलं की पीसीओडी, हे समीकरण आता इतकं पक्कं झालंय की पेशंट स्वतःच तसं सांगत येतात आणि आपणही मान डोलावतो. ही तक्रार एका डॉक्टरची नाही, सगळ्या धंद्याची आहे.

घरच्यांचं निदान वेगळं होतं. सासूबाई पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "मॅडम, पाळी फुडं ढकलायच्या गोळ्या हिनं लई खाल्ल्यात बगा. गौरीला खाल्ली, जोतिबाच्या यात्रेला खाल्ली, नणंदेच्या लग्नात खाल्ली. मी तवाच सांगत होतो. अंडी जळून गेली असतील न्हवं?" सून मान खाली घालून बसली होती. गौरीला गोळी खायला सांगणारं त्या घरात कोण होतं, हे मी विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट फाईलमध्ये नव्हती, ती बोलण्याच्या ओघात आली. रात्री अचानक अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो, पंखा वाढवावा लागतो, असं दीड वर्ष चाललं होतं. उष्णता म्हणून सब्जाचं पाणी, धने-जिऱ्याचं पाणी चालू होतं. हीच तक्रार घेऊन ४९ वर्षांची बाई आली असती तर कुणालाही क्षणात ओळखू आलं असतं. २८व्या वर्षी तो विचार डोक्यात येत नाही.

रक्त तपासलं. एफएसएच, म्हणजे अंडाशयाला चालना देणारं हार्मोन, ४७, फार जास्त. चार आठवड्यांनी पुन्हा, ५२. इस्ट्रोजेन खाली गेलेलं. एएमएच, ज्यावरून उरलेल्या बीजांचा अंदाज येतो, ०.१२, अगदीच कमी. सोनोग्राफीत दोन्ही बाजू मिळून दोन फॉलिकल. निदानाला आता वाव उरला नव्हता. चाळिशीच्या आत अंडाशयाचं काम मंदावणं, ज्याला आम्ही पीओआय म्हणतो. चाळिशीच्या आतल्या शंभर बायकांमध्ये एकीला तरी होतं, अलीकडचे अंदाज तर तीन-साडेतीनपर्यंत जातात. म्हणजे फार दुर्मिळ नाही. पीओआय म्हणजे कायमची रजोनिवृत्तीही नाही. अंडाशय मधूनच जागा होतो, आणि अशा शंभरातल्या पाच ते दहा जणींना पुढे कधीतरी आपोआप दिवस जातात.

बीजं कधी तयार होतात

सासूबाईंच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर गोष्ट फार मागून सुरू करावी लागते. पेशंटच्या आईला या मुलीचे दिवस गेले होते तिथून.

गर्भ तिसऱ्या-चौथ्या आठवड्याचा असतो, अजून माणसाचा आकारही आलेला नसतो, तेव्हा गर्भाच्या बाहेर लटकलेल्या पीतकपिशवीच्या भिंतीत काही पेशी बाकीच्यांपासून वेगळ्या झालेल्या दिसतात. याच पुढच्या सगळ्या स्त्रीबीजांच्या किंवा शुक्राणूंच्या मूळ पेशी. गंमत म्हणजे अंडाशय तेव्हा अस्तित्वातच नसतो. पुढे जे आतडं होणार त्या नळीच्या भिंतीतून या पेशी सरकत सरकत वर येतात आणि साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत जननग्रंथीच्या जागी पोचतात. निघतात त्यातल्या काही वाटेत चुकतात, मरतात. पोचतात त्या हजाराच्या आसपास.

तिथे पोचल्यावर त्या झपाट्याने वाढतात. १९६३ साली टी. जी. बेकर यांनी गर्भांच्या आणि अर्भकांच्या अंडाशयांतल्या पेशी मोजल्या होत्या. पाचव्या महिन्यात सुमारे ६८ लाख, आणि जन्माच्या वेळी २० लाख. पुढच्या अभ्यासांनी आकडे थोडे खालीवर केले, पण चित्र तेच राहिलं. आईच्या पोटातच संख्या शिखरावर जाते आणि मूल बाहेर येण्याआधीच त्यातली बहुतेक संपलेली असते. वयात येताना तीन-चार लाख उरतात. उभ्या आयुष्यात पाळीच्या चक्रात बाहेर पडणारी बीजं मात्र ४००-५००.

दुसरी गोष्ट याहून विलक्षण आहे. मुलीच्या गर्भात, अकराव्या-बाराव्या आठवड्यापासून, या पेशी अर्धगुणसूत्री विभाजन सुरू करतात, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करायची तयारी. आणि अर्ध्यावरच थांबतात. गुणसूत्रांच्या जोड्या एकमेकींत गुंतलेल्या, काम अपुरं, अशा अवस्थेत प्रत्येक बीज गप्प बसतं आणि ज्या महिन्यात ते बाहेर पडणार त्या महिन्यातच पुढे सरकतं. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी बाहेर पडणारं बीज पस्तीस वर्षांहून जास्त काळ त्याच अवस्थेत बसलेलं असतं. वय वाढतं तशी गुणसूत्रांच्या वाटणीत गफलत वाढते, त्यातलं एक मोठं कारण हेच. मुलग्याच्या गर्भात असं होत नाही. सहाव्या-सातव्या आठवड्यात वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय जनुक चालू झालं की जननग्रंथीची वाट वृषणाकडे वळते, त्या पेशी शांत होतात आणि अर्धगुणसूत्री विभाजन वयात येईपर्यंत सुरूच होत नाही. पुढे आयुष्यभर नवे शुक्राणू तयार होत राहतात. बाईच्या बाबतीत अशी नवी भर पडत असल्याचं आजवर पटेल असं सिद्ध झालेलं नाही.

सासूबाईंना मी एवढंच सांगितलं : "कणगी आईच्या पोटात भरून होते. नंतर ती फक्त रिकामी होत जाते. घरात दळायला काढलेलं धान्य मूठभर, बाकीचं आपोआप कमी होतं. पाळी आली काय, न आली काय, गोळी खाल्ली काय, न खाल्ली काय, कमी व्हायचं ते होतंच."

त्यांनी थोडा विचार केला. "म्हंजे हिच्या आईच्या पोटातच कणगी लहान भरली?"

प्रश्न बरोबर होता, आणि उत्तर मला तेव्हा माहीत नव्हतं. कणगी लवकर रिकामी होण्याच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. काहींच्या बाबतीत जन्माआधीच गळती भयंकर असते. टर्नर सिंड्रोम हे त्याचं नेहमीचं उदाहरण. दोन एक्स गुणसूत्रांपैकी एकच असेल तर बीजपेशी अंडाशयात पोचतात खऱ्या, पण गर्भातच भराभर नाहीशा होतात आणि मुलगी वयात येईपर्यंत बहुधा काही उरत नाही. काहींच्या बाबतीत भरण पुरेसं होतं, पण नंतर संपायचा वेग जास्त असतो. काहींना केमोथेरपी, रेडिएशन किंवा अंडाशयावरची ऑपरेशनं भोवतात. काहींचं शरीर स्वतःच्याच अंडाशयावर उलटतं. आणि बऱ्याच जणींत सगळं तपासूनही कारण हाती लागत नाही, हेही आधीच सांगून ठेवावं लागतं.

गुणसूत्रांची तपासणी केली. ४६, एक्सएक्स, ठीक. थायरॉईड ठीक, ॲड्रिनल ग्रंथीविरुद्धच्या प्रतिपिंडांचा मागमूस नाही. ऑपरेशन नाही, गंभीर आजार नाही. नवऱ्याशी आधीचं नातं नाही. आपल्याकडे मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न होणं नवं नाही, म्हणून हे विचारावंच लागतं.

कागदावर काढलेली वंशावळ

पुढच्या भेटीला तिला आईला घेऊन यायला सांगितलं. वंशावळ काढताना सासरची माणसं समोर असली की माहेरच्या गोष्टी अर्ध्याच निघतात, म्हणून त्या दिवशी सासूबाईंना बाहेर बसवलं. त्यांना ते आवडलं नाही.

आईची पाळी किती वयाला गेली? "माझी लवकर गेली. एक्केचाळीसला. बरं झालं, सुटलो असं वाटलं." त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं. चाळीस ते पंचेचाळीसच्या मधली रजोनिवृत्ती आजार म्हणून नोंदली जात नाही, बहुतेक बायका ती सुटका म्हणूनच घेतात.

बहिणी किती? एक थोरली, ३३ वर्षांची, इचलकरंजीत दिलेली. पाळी नियमित, एक मुलगा. मुलगा कसा आहे? इथे दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मुलगा पाच वर्षांचा. बोलायला फार उशीर झाला, नजरेला नजर देत नाही, आनंद झाला की हात फडफडवतो, आवाज झाला की कान झाकतो. ऑटिझम सांगितलाय, थेरपी चालू आहे. "पर त्याचं हिच्याशी काय?" आईने विचारलं.

मग आईची भावंडं. एक भाऊ, हुपरीत, चांदीच्या कामातला. ६६ वर्षांचा. तब्येत? "हात थरथरतो. आता चालताना तोलबी जातो. पार्किन्सनच्या गोळ्या चालू हाईत, गुण न्हाई. आयुष्यभर ॲसिडात हात घातला, त्याचं हे." हात कधी थरथरतो, मांडीवर ठेवलेला असताना की काम करताना? हे मात्र पेशंटनेच सांगितलं, कारण लहानपणी सुट्टीत ती मामाच्या शेजारी बसून पैंजण होताना बघायची. हात मांडीवर असला की निवांत असतो. चिमट्याने कडी उचलून पैंजणाला जोडायला नेला, की जसजसा जवळ जातो तसतसा थरथरतो. आधी कडी पडायला लागली, मग काम बंद केलं. आता चहाचा कप अर्धाच भरून द्यावा लागतो.

पार्किन्सनमधली थरथर बहुधा उलटी असते. हात स्वस्थ असताना दिसते, हालचाल केली की कमी होते. इथे वर्णन लहान मेंदूच्या बिघाडाचं होतं.

कागदावर तीन माणसं तीन टोकांना होती. लवकर पाळी गेलेली भाची. उशिरा बोलणारा नातू. साठीनंतर थरथरणारा मामा. तिघांच्या फाईली तीन गावांत, तीन वेगवेगळ्या स्पेशालिस्टांकडे. तिघांच्या मध्ये पेशंटची आई, आणि तिच्या वर, केव्हाच वारलेली आज्जी. तिघांना जोडणारं एकच जनुक असू शकतं, आणि ते वंध्यत्वाच्या नेहमीच्या तपासण्यांत येत नाही. एफएमआर-१ साठी रक्त पुण्याला पाठवलं.

एकच जनुक, तीन आजार

एफएमआर-१ हे जनुक एक्स गुणसूत्राच्या टोकाजवळ असतं. १९९१ साली ते ओळखलं गेलं. त्याच्या सुरुवातीला सीजीजी या तीन अक्षरांची पुनरावृत्ती असते. बहुतेकांत ती तीसच्या आसपास असते, ४४ पर्यंत सामान्य धरतात. ५५ ते २०० पुनरावृत्ती झाल्या तर त्याला प्रीम्युटेशन म्हणतात. २०० च्या पुढे गेलं की पूर्ण म्युटेशन, तेव्हा जनुक बंदच पडतं आणि मेंदूच्या जडणघडणीला लागणारं त्याचं प्रथिन तयार होत नाही. हा फ्रॅजाईल एक्स सिंड्रोम. बौद्धिक अक्षमतेच्या आनुवंशिक कारणांत त्याचा वरचा क्रमांक लागतो. मुलग्यांत तो ठळक असतो, मुलींमध्ये दुसरा एक्स थोडं सांभाळून घेतो.

प्रीम्युटेशनवाल्या माणसाला लहानपणी बहुधा काही होत नाही. पण त्यातल्या सुमारे २० टक्के बायकांना पीओआय होतो, आणि पीओआय झाला नाही तरी पाळी सरासरी पाचेक वर्षं आधी जाते. सर्वांत जास्त धोका साधारण ७० ते १०० पुनरावृत्तींच्या पट्ट्यात असतो, त्याहून लांब प्रतीत (म्हणजे पुनरावृत्ती आणखी जास्त असलेल्या जनुकात) उलट थोडा कमी होतो. पुरुषांना बीजाचा त्रास नाही, पण पन्नाशीनंतर त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना, अंदाजे ४० टक्क्यांना, थरथर आणि तोल जाण्याचा आजार जडतो. त्याचं वर्णन २००१ साली अमेरिकेत पहिल्यांदा झालं. म्हणजे मामाच्या तरुणपणी हा आजार पुस्तकातच नव्हता.

रिपोर्ट आले. पेशंट ९१. आई ७९. थोरली बहीण ८४. बहिणीचा मुलगा, पूर्ण म्युटेशन. मामा ८२. मामांचा एमआरआय न्यूरॉलॉजिस्टनी पुन्हा काढायला लावला, त्यात लहान मेंदूला जोडणाऱ्या मधल्या दांड्यांवर या आजाराची ठरलेली पांढरी खूण होती.

सासूबाईंचा प्रश्न इथे परत येतो : कणगी पोटातच लहान भरली का? प्रीम्युटेशनचं उंदरांवर जे काम झालंय त्यात जन्माच्या सुमारास बीजांची संख्या जवळजवळ नेहमीइतकी भरते आणि नंतर वेगाने घटते असं दिसलं आहे. वाढलेल्या प्रतीपासून जादा संदेश-आरएनए तयार होतो, तोच पेशींना बाधतो, असा मुख्य कयास आहे. टर्नरसारखी ही पोटातली गळती नसावी. पण दोष मात्र पोटातलाच. ज्या दिवशी गर्भ राहिला त्या दिवशी ७९ ची प्रत ९१ होऊन तिच्या वाट्याला आली होती. जोतिबाच्या यात्रेच्या कितीतरी आधी.

या पुनरावृत्तीची एक खोड आहे, तीही बीजपेशींच्याच इतिहासातली. प्रत फुगून पूर्ण म्युटेशन होते ती फक्त आईकडून येताना. वडिलांकडून येताना होत नाही. पूर्ण म्युटेशन असलेल्या पुरुषाच्याही शुक्राणूंमध्ये प्रत प्रीम्युटेशनएवढीच सापडते. अशा मुलग्यांच्या गर्भांच्या वृषणांचा अभ्यास झाला, तेव्हा चौथ्या महिन्याच्या आसपास त्या पेशींत लांब प्रत मागे पडून आखूड प्रत वर येताना दिसली होती. मुलींच्या अंडाशयात अशी छाटणी होत नाही. म्हणून फ्रॅजाईल एक्स मूल नेहमी आईकडून येतं, आणि आपल्या समाजात याचा अर्थ काय लावला जाईल हे वेगळं सांगायला नको. बहिणीला रिपोर्ट समजावताना तिच्या नवऱ्याला समोर बसवलं आणि सांगितलं, की ही प्रत एखाद्या घरात बापाकडूनही मुलीला मिळते, तुमच्याकडे ती आज्जीकडून आली एवढंच. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे आता आणखी डॉक्टर बदलायला नकोत." मुलाच्या थेरपीत फारसा फरक पडला नाही, पण कारणासाठीची धावपळ थांबली.

काय करायचं

पेशंटला आधी मुलाचं नाही, हाडांचं सांगावं लागलं. इस्ट्रोजेन विशी-तिशीतच गेलं तर हाडं ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. म्हणून पाळी जायच्या नैसर्गिक वयापर्यंत, पन्नाशीच्या आसपास, हार्मोन बाहेरून द्यायचे असतात. इथे तिने चक्क नकार दिला. "गोळ्यांनीच तर हे झालं म्हणतात घरात. आता पुन्हा गोळ्या?" चार वर्षं कानावर पडलेली गोष्ट रिपोर्टाच्या एका कागदाने जात नाही. शेवटी सासूबाईंनाच आत बोलावलं, मामांचा आणि तिचा रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवला आणि विचारलं, मामांनी कुठल्या पाळीच्या गोळ्या खाल्ल्या होत्या? त्या हसल्या. सुनेला म्हणाल्या, "घे बाई गोळ्या. हाडं मोडून बसलीस तर मलाच करावं लागंल."

मुलाच्या बाबतीत वाटा अशा होत्या. स्वतःच्या बीजाने आयव्हीएफ करायचं तर दोन फॉलिकलांवर इंजेक्शनांचा मारा करून हाती फार काही येत नाही. आलंच, तर ९१ ची प्रत असलेला एक्स गर्भात जाण्याची शक्यता निम्मी, आणि गेला तर फुगून पूर्ण म्युटेशन होण्याची शक्यता निम्म्याहून बरीच जास्त. शंभरीच्या पुढे तर ते जवळजवळ ठरलेलंच असतं. गर्भ रोपण्याआधी तपासता येतो, पण त्यासाठी आधी पुरेसे गर्भ हवेत. आपोआप दिवस राहिले, तर अकराव्या आठवड्यानंतर वारेचा अंश किंवा सोळाव्याच्या सुमारास गर्भजल तपासता येतं. पीसीपीएनडीटी कायदा नोंदणीकृत केंद्रात अशा आनुवंशिक आजारांसाठी तपासणीला मुभा देतो. इथे एक विचित्र अडचण मात्र आहे. पूर्ण म्युटेशनचा परिणाम मुलगा की मुलगी यावर खूप अवलंबून असतो, आणि गर्भाचं लिंग सांगायला कायद्याने बंदी आहे. ती बंदी का आहे हे कोल्हापूरकरांना माहीत आहे. मी ती उठवा म्हणणार नाही. पण अशा जोडप्याला अर्धी माहिती हातात घेऊन निर्णय घ्यावा लागतो, हे खरं.

घरात सर्वांत आधी सुचलेली वाट वेगळीच होती. "थोरलीचं बीज घेऊया की. आपल्याच रक्ताचं." प्रेमानेच सुचवलेलं होतं आणि बहीण तयारही होती. पीओआयमध्ये बहिणीचं बीज हा विचार डॉक्टरांच्याही मनात पटकन येतो. ८४ ची प्रत असलेली बहीण! कारण न शोधता कुणी ही वाट धरली असती, तर लाखो रुपये घालून धोका तसाच पुन्हा घरात आणला असता. तसंही २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने दात्या स्त्रीचं बीज नोंदणीकृत बँकेमार्फत घ्यावं लागतं. ती २३ ते ३५ वर्षांची असावी लागते, आयुष्यात एकदाच देऊ शकते आणि सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत.

दोघांनी बँकेतून बीज घ्यायचं की मूल दत्तक घ्यायचं, यावर वर्षभर विचार केला. नवऱ्याचा कल दत्तकाकडे, तिचा पोटात वाढवण्याकडे. मी मत दिलं नाही, त्यांनी मागितलं तरीही. शेवटी दात्याचं बीज ठरलं, आणि दात्या बाईची एफएमआर-१ तपासणी झाली आहे का हे पतसंस्थेतल्या माणसाच्या सवयीने तिने स्वतः कागद मागून बघितलं.

मामांच्या मुली

खरी गुंतागुंत इथून पुढे आहे. वडिलांचा एक्स प्रत्येक मुलीला जातोच, आणि कुठल्याच मुलाला जात नाही. म्हणून मामांचा मुलगा पूर्ण मोकळा, आणि दोन्ही मुली तपासायच्या आधीच वाहक ठरलेल्या. थोरली २४ वर्षांची, धाकटी १९. आणि थोरलीची बोलणी चालली होती ती आमच्या पेशंटच्या धाकट्या भावाशीच. मामाची मुलगी करायची, दोन्ही घरांची जुनी इच्छा.

भावाला आईची कुठली प्रत मिळाली हे ठरलेलं नव्हतं, त्याने तपासून घेतलं. ३० आली. मोकळा. घरात आनंदीआनंद, "आता काय हरकत न्हाई." हरकत होती. भाऊ मोकळा असल्याने त्याच्याकडून काही जाणार नाही, पण मामांच्या मुलीची प्रत तिच्या मुलांना मिळण्याची शक्यता तिने कुणाशीही लग्न केलं तरी निम्मीच राहते. त्यात मामांची प्रत मुलीकडे प्रीम्युटेशन म्हणून येते, पण मुलीकडून पुढे जाताना फुगू शकते. हे तीनदा, कागदावर काढून सांगावं लागलं.

हे सांगायचं कुणी, हाही प्रश्न होताच. रिपोर्ट मामांचा, धोका मुलींचा, आणि माझी पेशंट मात्र मामांची भाची. मामांना विचारल्याशिवाय त्यांच्या मुलींशी मी बोलू शकत नव्हते. ते एकटे आले, हुपरीहून एसटीने. खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसले. सगळं ऐकून म्हणाले, "लग्नाच्या आदी सांगिटलं तर मुलगी घरात बसंल. न्हाई सांगिटलं तर ही भाची बसली तशी बसंल. सांगा तुमीच." मी सांगितलं नाही, म्हणजे निर्णय त्यांच्यावरच ठेवला, पण थोरलीला घेऊन या एवढं म्हटलं.

ती आली. बी.कॉम. झालेली, टॅलीचं काम करणारी, प्रश्न लिहून आणलेले. ८० ची प्रत. एएमएच वयाच्या मानाने ठीक होतं, पाळी नियमित. वाहकांतल्या सुमारे ८० टक्के बायकांना पीओआय होत नाही, हे ऐकून ती थोडी सैल झाली. मूल लवकर हवं असेल तर वाट बघू नका आणि गर्भाची तपासणी ठरवून करा, लग्न पुढे ढकलायचं तर बीजं गोठवून ठेवायचा विचार आत्ताच करा, असं तिला सांगितलं. तिने आत्याच्या मुलाला स्वतः फोन करून सगळं सांगितलं. लग्न मोडलं नाही, पुढे ढकललंय. दर वर्षी एएमएच करायला ती येते.

मामांच्या पार्किन्सनच्या गोळ्या न्यूरॉलॉजिस्टनी कमी करत बंद केल्या, थरथरीसाठी दुसरं औषध आणि तोल सांभाळायला फिजिओथेरपी चालू आहे. पेशंट हार्मोन घेते आहे, हाडांची घनता तपासून झाली, दात्याच्या बीजाची पहिली सायकल पुढच्या महिन्यात आहे. धाकट्या मामेबहिणीची तपासणी केलेली नाही. ती १९ वर्षांची आहे, तिला काय आहे हे वडिलांनी सांगितलंय, आणि तिने अजून विचारलेलं नाही.